टॅरोचा पत्ता आणि रोजची वही

टॅरो म्हटलं की अजून तोच देखावा डोळ्यांसमोर येतो: मखमली कापड, बोटाबोटांत अंगठ्या, उदबत्तीचा धूर आणि ‘माझं लग्न कधी जमेल’ हा प्रश्न. तो धंदा बंद पडलेला नाही. मॉलमधल्या टेबलापासून यूट्यूबवरच्या ‘तीनांतला एक ढीग निवडा’ छापाच्या व्हिडिओंपर्यंत त्याची भरभराट चालू आहे. पण त्याच पत्त्यांची एक दुसरी रीतही गेल्या काही वर्षांत गाजावाजा न करता रुजली. ती पाळणारी माणसं भविष्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. सकाळी चहा घेताना पत्ते पिसायचे, एक काढायचा, चित्राकडे जरा वेळ बघायचं आणि वहीत पाच-सात ओळी लिहायच्या, की झालं. विचारलं तर ती सांगतात, पत्ता मला उत्तर देत नाही, प्रश्नापाशी बसवतो.

या म्हणण्यात तथ्य किती आणि मनाची समजूत किती, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकते. पत्त्याला काहीही ठाऊक नसतं. तरी त्याचा उपयोग होऊ शकतो, आणि होतो तेव्हा त्याचं श्रेय सर्वांत जास्त वहीला, मग प्रश्नाला आणि उरलंसुरलं चित्राला द्यावं.

पत्त्यांच्या कुळापासून सुरुवात करायला हवी, कारण त्याविषयी जेवढ्या थापा मारल्या गेल्या तेवढ्या क्वचितच कशाविषयी मारल्या गेल्या असतील. टॅरो जन्मला तो खेळ म्हणून, पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत. फ्लोरेन्समधली १४४० ची एक नोंद आणि फेरारातल्या एस्ते घराण्याच्या हिशेबातली १४४२ ची नोंद, हे त्याचे सर्वांत जुने पुरावे. मिलानच्या सरदारघराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेला व्हिस्कोंती-स्फोर्झा संच आज न्यूयॉर्कचं मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची कारारा अकादमी आणि एक खासगी संग्रह यांत वाटला गेला आहे. त्यातले ७४ पत्ते शिल्लक आहेत. नसलेल्या चारांत सैतान आणि कोसळता मनोरा हे दोन आहेत, यावर हौशी मंडळींनी बऱ्याच कथा रचल्या. पाचशे-साडेपाचशे वर्षांत चार पत्ते हरवणं ही मात्र कुठल्याही घरात घडणारी गोष्ट आहे.

मेंढीकोट खेळणाऱ्याला हा खेळ समजवायला फार वेळ लागणार नाही. प्याले, नाणी, तलवारी आणि दंडुके असे चार रंग, प्रत्येकात १४ पत्ते, कारण राजा, राणी आणि गुलाम यांच्याबरोबर इथे एक घोडेस्वारही असतो. झाले ५६. त्यांच्यावर २१ चित्रांचे पत्ते, म्हणजे कायमचे हुकूम, आणि एक विदूषक. एकूण ७८. सम्राट, पोप, प्रेमिक, मृत्यू, चंद्र, सूर्य ही आज गूढ वाटणारी चित्रं तेव्हा कोण कोणाला मारतो हे लक्षात ठेवण्यासाठी होती. फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटलीतलं बोलोन्या इथे हा खेळ आजही रंगतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली या खेळावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि अठराव्या शतकाआधी या पत्त्यांना गूढविद्येचा वास जवळजवळ नव्हता, हे कागदपत्रांनिशी मांडलं.

वास लागला तो १७८१ साली. कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने आपल्या भल्यामोठ्या ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं लपवून ठेवलेलं ज्ञान. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचता येत नव्हती. शाँपोलियोंने ती उलगडली १८२२ साली, आणि उलगडल्यावर तिच्यात टॅरो कुठेच सापडला नाही. गंमत अशी की पत्त्यांचा इजिप्तशी संबंध आहे, पण तो फारोंच्या इजिप्तशी नाही, मामलुक सुलतानांच्या इजिप्तशी आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुकांचे पत्ते आहेत. त्यांवर प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या आहेत. युरोपात पोलो कुणी खेळत नव्हतं, म्हणून काठ्यांचे दंडुके झाले. पत्त्यांच्या याच कुळातली दुसरी फांदी गंजिफा होऊन आपल्याकडे आली. बाबराने १५२७ साली सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे, आणि सावंतवाडीला १२० गोल पत्त्यांचा दशावतारी गंजिफा अजूनही रंगवला जातो. प्रत्यक्ष विष्णूचे दहा अवतार पत्त्यांवर असूनही तो खेळच राहिला. फ्रान्समध्ये मात्र एका खेळाचं शास्त्र झालं.

पुढची शंभर वर्षं थोडक्यात आटोपता येतील. एतेला या टोपणनावाने वावरणाऱ्या आलिएतने टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापली आणि त्यावर पोट भरलं. फ्रेंच गूढवादी एलिफास लेवीने २२ चित्रांची सांगड हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी घातली. १८८८ साली लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ ही गुप्त मंडळी स्थापन झाली आणि तिने त्यात ग्रह, राशी, पंचमहाभूतं सगळं भरलं. आज एखादा पुस्तककर्ता ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून जे सांगतो त्यातलं बहुतेक या शे-सव्वाशे वर्षांत तयार झालेलं आहे.

थांबावं असं माणूस यानंतर भेटतं. पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८, लंडन. बालपण मँचेस्टर आणि जमैकात. चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेत. उमेदवारी लंडनच्या रंगभूमीवर, अभिनेत्री एलन टेरीच्या मंडळींत. गोल्डन डॉनमधल्या आर्थर वेट यांनी तिला १९०९ साली ७८ पत्ते काढायला सांगितले. तोवर अंकांच्या पत्त्यांवर चित्र असं सहसा नसायचं. प्याल्यांची पंजी म्हणजे पाच प्याले, बस. आपल्या बदामाच्या पंजीवर जसे पाच बदाम असतात तसे. स्मिथने प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग काढला. मिलानच्या सोला बुस्का घराण्याच्या एका जुन्या संचात असा प्रयोग पंधराव्या शतकाच्या अखेरीस झाला होता आणि त्याची छायाचित्रं १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळत होती. तिथून तिने काही चित्रं सरळ उचललेली दिसतात. बाकीच्यांत नाटकाचा मांडव आहे: समोर पात्र, पायाखाली सपाट फळी, मागे रंगवलेला पडदा.

या एका बाईच्या कामामुळे टॅरोचा नूर पालटला. प्रसंग दिसला की माणूस गोष्ट रचतो, आणि गोष्ट रचताना स्वतःचंच काहीतरी तिच्यात घालतो. आज ज्याला टॅरोचं आत्मचिंतन म्हणतात ते स्मिथच्या या प्रसंगांशिवाय शक्यच नव्हतं. मोबदला काय मिळाला? काम मोठं आणि पैसे फार थोडे, असं तिने स्वतःच छायाचित्रकार स्टिग्लिट्झना पत्रातून कळवलं होतं. संच प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावाने जगभर खपला. चित्रकर्तीचं नाव त्याला जोडण्याची पद्धत अगदी अलीकडची. १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड या गावी ती कर्जबाजारी अवस्थेत वारली. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०१२ पासून तिची चित्रं आपल्याकडे मुक्त आहेत. बाजारात स्वस्त संचांचा पूर आला, त्यामागे हेही एक कारण आहे.

तिच्या संचाच्या बरोबरीने नाव घेतात ते थॉथ टॅरोचं. अॅलिस्टर क्रौली या इंग्रज गूढवाद्याच्या सांगण्यावरून लेडी फ्रीडा हॅरिसने तो १९३८ ते १९४३ या काळात रंगवला आणि पत्त्यांच्या रूपात तो १९६९ साली निघाला. तोवर क्रौली गेला होता आणि हॅरिसबाईही श्रीनगरला येऊन राहून, तिथेच १९६२ साली निवर्तल्या होत्या. चित्रं देखणी आहेत, पण रोजच्या वहीला ती फार जड पडतात.

भविष्याकडून स्वतःकडे वळण्याचं श्रेय अमेरिकी लेखिकांना जातं. ईडन ग्रे यांनी १९६० साली सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत टॅरो लिहिला. सत्तरच्या दशकात स्मिथचा संच अमेरिकेत पुन्हा छापून सहज मिळू लागला. १९८० मध्ये रेचल पोलॅक यांचं पुस्तक आलं आणि १९८४ मध्ये मेरी ग्रीअर यांचं. ग्रीअर यांचं पुस्तक खरं तर स्वाध्यायपुस्तिका आहे: दुसऱ्याकडे जाऊ नका, स्वतः पत्ते काढा आणि लिहून ठेवा. आजची वही तिथून आली. मधल्या काळात मानसशास्त्रज्ञ युंग यांचं नाव या सगळ्याला चिकटवलं गेलं. युंग यांनी टॅरोचा उल्लेख केला आहे, १९३३ च्या एका व्याख्यानमालेत, पण तो जाता जाता. त्यांच्या नावावर जेवढं खपवलं जातं तेवढं त्यांनी लिहिलेलं नाही. अर्थपूर्ण योगायोगाची आपली कल्पना त्यांनी सविस्तर मांडली ती १९५२ साली. तिच्याशिवायही पत्त्यांचं काम नीट समजावून देता येतं, असं मला वाटतं. त्यापेक्षा इटालियन लेखक इतालो काल्व्हिनो जवळचा वाटतो. ‘एकमेकांना छेदणाऱ्या नशिबांचा किल्ला’ या त्याच्या पुस्तकात वाचा गेलेले प्रवासी टेबलावर टॅरोचे पत्ते मांडून आपापली गोष्ट सांगतात. पत्ते तेच, गोष्टी निराळ्या. कुठलाही गूढ दावा न करता त्याने यंत्र उघडं करून दाखवलं.

टॅरोच्या जोडीला ‘ऑरेकल’ पत्तेही वापरतात, पण त्यांची घडण निराळी. टॅरोला ७८ चा साचा आहे. ऑरेकलला साचाच नाही. ३६ असोत, ४४ असोत, देवदूत, प्राणी, चंद्रकला, फुलं, देवी, जे हवं ते. त्यांतला एक जुना, घराणेदार संच लेनोर्मां नावाने ओळखला जातो. पॅरिसच्या प्रसिद्ध भविष्यवेत्तीचं नाव त्याला तिच्या मृत्यूनंतर व्यापाऱ्यांनी दिलं. मूळ ३६ पत्ते न्युरेम्बर्गच्या हेख्तेल या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या शेवटी घरगुती खेळ म्हणून काढले होते. अलीकडच्या काळात देवदूतांच्या पत्त्यांनी अमेरिकी लेखिका डोरीन व्हर्च्यू यांना जगभर पोचवलं. २०१७ साली त्या कट्टर ख्रिस्ती झाल्या, आपल्याच पत्त्यांचा त्यांनी धिक्कार केला आणि लोकांना ते फेकून द्यायला सांगितलं.

मराठी वाचकाला यातला एक संच घरचा वाटेल. ओशो झेन टॅरो १९९० च्या दशकात मा देवा पद्मा यांच्या चित्रांसह निघाला. त्याची मुळं पुण्याच्या कोरेगाव पार्कात आहेत. त्यात ७९ पत्ते आहेत, जादा एक ‘गुरू’चा. मृत्यूचा पत्ता तिथे ‘रूपांतर’ होतो, सैतानाचा ‘संस्कारांची पकड’. हे नामांतर कल्पक आहे, पण ते करताना चित्र बघायच्या आधीच अर्थ हातात ठेवला जातो. पत्त्याखाली एक शब्द छापला की डोळा शब्दाकडे जातो आणि चित्र सजावट होऊन बसतं.

बहुतेक ऑरेकल संचांवर माझा आक्षेप हाच आहे, आणि त्याच्या जोडीला गोडवा. ‘तू पुरेशी आहेस’, ‘विश्व तुझ्या पाठीशी आहे’, ‘सोडून दे’. वाईट दिवशी हे वाचायला बरं वाटतं, नाही कोण म्हणतं? पण चाळीसच्या चाळीस पत्ते पाठ थोपटणारे असतील तर त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. टॅरोत दहा तलवारी पाठीत खुपसलेला माणूस आहे, रात्री अंथरुणात उठून तोंड झाकून बसलेली बाई आहे, बर्फात लंगडत जाणारी दोन भुकेली माणसं आहेत. असल्या पत्त्यांसमोर सबबी सांगणं अवघड जातं. ऑरेकलमध्ये मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला संच संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांचा. १९७५ साली त्यांनी शंभरावर पत्ते काढले, चित्राविना, नुसत्या एकेका तिरकस सूचनेचे. स्टुडिओत काम अडलं की एक काढायचा आणि सांगितलंय तसं करून बघायचं. डेव्हिड बोवीच्या बर्लिन काळातल्या ध्वनिमुद्रणांत ते वापरले गेले. त्यात नशिबाचा लवलेश नाही. अडलेल्या मनाला बाजूने धक्का देणं, एवढंच काम.

आता पुराव्याकडे. भविष्याच्या बाजूने निकाल चांगला लागत नाही. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन मुलांनी ते अचूक ठरवलं. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं रस्त्यावर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून जमवलेली होती. ‘वरून तुम्ही शिस्तीचे दिसता, आतून मात्र काळजी करता’ या जातीचं वाक्य कुणाला लागू पडत नाही? पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी कुंडल्यांची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं यांच्या कुंडल्या ज्योतिषांना वेगळ्या करायला दिल्या, प्रत्येकाला ४०. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांचं सरासरी यश ४६ टक्के होतं. २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झालं. नाणं उडवून काम भागलं असतं. ही चाचणी टॅरोची नव्हे, पण पत्त्यांनी भविष्य सांगण्याचा दावा करणाऱ्यांनी अशीच परीक्षा द्यायला हवी.

‘तोच पत्ता माझा पाठलाग करतोय’ हा अनुभव मात्र जवळपास प्रत्येकाला येतो, आणि तो खराही असतो. ७८ पत्त्यांतून रोज एक काढून परत मिसळला, तर अकराव्या दिवसापर्यंत एखादा पत्ता पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. महिनाभरात तो येणं जवळजवळ ठरलेलंच. पहिल्यांदा हा हिशेब केला की थोडा विरस होतो. मग लक्षात येतं की पुन्हा आलेल्या पत्त्याखाली मागच्या वेळी आपण काय लिहिलं होतं, ते ताडून पाहणं हीच खरी मेजवानी आहे.

आत्मचिंतनाच्या बाजूचा पुरावा आडवळणाने मिळतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टींविषयी लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. त्यानंतर असे शेकड्याने प्रयोग झाले. २००६ साली १४६ अभ्यासांची एकत्र तपासणी झाली, तिचं सार असं: फायदा होतो, पण लहान. हे ‘लहान’ लक्षात ठेवावं, कारण पत्तेवाले ते सांगत नाहीत. दुसरा धागा मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या कामातला. स्वतःच्या अडचणीकडे तिऱ्हाईतासारखं पाहिलं, अगदी स्वतःला नावाने हाक मारून विचार केला, तरी मनाची तडफड उतरते. पत्त्यावरचा माणूस हा असा आयता तिऱ्हाईत आहे. ‘मी का रडतेय’ यापेक्षा ‘ही का रडतेय’ याचं उत्तर लवकर सुचतं. हा दुवा माझा आहे, क्रॉस यांचा नाही. आणि मोघम चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावण्याची पद्धत मानसशास्त्राने स्वतःच वापरली आहे. हार्वर्डमध्ये क्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी १९३५ साली मांडलेली चाचणी याच जातीची. तिच्याविषयीही तज्ज्ञांत वाद आहेतच.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते एका पत्त्यावर पाहू. प्याल्यांची पंजी. काळा झगा पांघरलेली एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. तिच्यासमोर तीन प्याले कलंडलेत, आतलं सांडलंय. पाठीमागे दोन प्याले सरळ उभे आहेत. मधे नदी, नदीवर पूल, पलीकडे छोटीशी गढी. समजा, वडिलोपार्जित घरावरून भावाशी बिनसलंय आणि सकाळी हा पत्ता निघाला. ‘भाऊ ऐकेल का?’ असं विचारलं असेल तर संपलं. पत्ता हो म्हणाला की नाही म्हणाला, यावर दिवसभर कीस पाडत बसायचं. पण ‘या भांडणात मी कशाकडे पाठ केली आहे?’ असं विचारलं असेल, तर ते दोन उभे प्याले डोळ्यांत खुपतात. ते कोणते? वहिनी अजून दर रविवारी फोन करते. आईच्या गोळ्या तोच आणतो. हे दोन्ही तुम्हाला कालही माहीत होतं. पत्त्याने नवं काही सांगितलं नाही, फक्त समोरच्या तीन सांडलेल्या प्याल्यांवरून नजर हलवली.

दुसऱ्या कुणाला त्याच पत्त्यात आधी पूल दिसेल. तिसरीला झग्यातल्या त्या माणसाचा रागच येईल, की किती वेळ उभा राहणारेस असा? त्या रागावर पाच ओळी लिहिल्या तर कदाचित सर्वांत मोलाच्या त्याच निघतील. म्हणून संचाबरोबर येणारी पुस्तिका आधी उघडू नये. तीत ‘दुःख, पश्चात्ताप, हानी’ असे तीन शब्द असतात आणि ते वाचले की पूल दिसेनासा होतो.

आपल्या मातीत चिठ्ठी, कौल, प्रसाद यांची रीत जुनी आहे. कोकणात नि गोव्यात देवाला कौल लावतात, मूर्तीवरची पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावर घरातले मोठे निर्णय ठरतात. रामशलाका प्रश्नावलीत १५ गुणिले १५ असे २२५ चौकोन असतात. त्यातून नऊंपैकी एक चौपाई निघते, आणि काही चौपाया चक्क ‘या कामात हात घालू नको’ असं सांगतात. ऑरेकलवाल्यांनी एवढं तरी शिकावं. मात्र कौल आणि वही यांचं काम वेगळं. कौल निर्णयाचा भार उचलून देवावर ठेवतो, आणि चार माणसांसमोर तो ठेवला गेल्यामुळे घरातला वाद मिटायलाही मदत होते. वही तो भार तुमच्याच पदरात ठेवते. दोन्हींची गल्लत केली की पत्त्यांना कौल लावणं सुरू होतं, आणि तिथून घसरण.

घसरणीच्या खुणा ठरलेल्या आहेत. मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा पिसत राहणं. हजर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते पत्त्यांना विचारणं. छातीतली गाठ, कोर्टातली केस, शेअरबाजार यांसाठी पत्ते काढणं. आणि पत्ता काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकवणं. मानसशास्त्रात चिंतन आणि रवंथ असा भेद करतात. एकच दुःख घोळवत बसणाऱ्याच्या हाती रोज नवं चित्र दिलं तर त्याला रवंथाला नवा चारा मिळतो. आठ-पंधरा दिवस वहीत एकच रडगाणं उमटत असेल, तर पत्ते कपाटात ठेवून माणसाशी बोलावं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पैशाचीही एक बाजू आहे. सल्ला देणाऱ्या टॅरो-रीडरला ना परवाना लागतो, ना परीक्षा. चार दिवसांच्या शिबिरानंतर मिळणारं प्रमाणपत्र हे शिबिर भरवणाऱ्यानेच छापलेलं असतं. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही ज्योतिषांच्या सल्ल्याला हात लावत नाही. तो स्पष्टपणे वगळलेला आहे. सल्ला देणारी व्यक्ती ‘दोष’ दाखवून उपायाचे पैसे मागू लागली की तो टॅरो राहिला नाही, एवढं समजून उठावं. बहुसंख्य लोक अर्थात इतके खोल जातच नाहीत. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली केलेल्या पाहणीत ३० टक्के प्रौढांनी वर्षातून एकदा तरी ज्योतिष, टॅरो किंवा भविष्यवेत्ते यांतल्या कशाकडे तरी वळतो असं सांगितलं, टॅरोकडे ११ टक्क्यांनी, आणि त्यांतल्या बहुतेकांचा हेतू करमणुकीचा होता.

ज्यांना करमणुकीपलीकडे जाऊन वही धरायची आहे, त्यांना एवढंच सुचवेन. पहिला संच स्मिथच्या चित्रांचाच घ्या, भले स्वस्तातला असेल. पत्ता काढण्याआधी तारीख आणि प्रश्न लिहा. ‘कधी’ आणि ‘होईल का’ हे शब्द प्रश्नात नकोत. आधी चित्रात काय दिसतं ते लिहा, अर्थ मागाहून. दिवसाला एकच पत्ता, आवडो न आवडो. शेवटी आज करण्याजोगी एक छोटी गोष्ट लिहा, फोन करणं, बिल भरणं, माफी मागणं, काहीही. महिना झाला की वही पहिल्या पानापासून वाचा आणि पत्त्यांची नावं मनातल्या मनात खोडून टाका. खाली तुमच्या आयुष्याविषयी काही उरत असेल तर चालू ठेवा. नुसतीच नावं होती असं दिसलं, तर संच कुणाला तरी देऊन टाका किंवा आणखी तिघांना जमवून फ्रेंच पद्धतीचा टॅरो खेळा. त्यालाही ७८ पत्तेच लागतात.